कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ : एका नष्ट वास्तूचें टिपण

जीर्ण पोथ्या व दप्तरें धुंडाळणाऱ्या वाचकांपुढें चित्रगृहाची हकीकत मांडणें कांहींसें चमत्कारिक वाटेल. तथापि मुंबईंत गिरगांवीं सँडहर्स्ट रोडवर असलेल्या व पुढें पाडल्या गेलेल्या ‘कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ’चा प्रश्न अस्सल साधनांचाच आहे.

दिनांक 18 मे 1912 रोजीं येथें ‘श्री पुंडलीक’ प्रथम दाखविलें गेलें. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे व त्यांचे सहकारी नानाभाई गोविंद चित्रे यांचा हा उद्योग. पैकीं चित्रे याच चित्रगृहाचे चालक. पुढें 3 मे 1913 रोजीं याच पडद्यावर फाळक्यांचें ‘राजा हरिश्चंद्र’ आलें. दोहोंत वर्षाला पंधरा दिवस कमी, इतकेंच अंतर! मग आद्यत्वाचा मान कोणास? ‘पुंडलीक’ हें रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण, छायाचित्रकार परकीय, आणि फीत लंडनला धुवून घेतलेली. सबब बहुतेक लेखक फाळक्यांच्या बाजूनें कौल देतात. आमच्या मतें तो ग्राह्य आहे. मात्र चित्र्यांस विसरणें अन्यायाचें होय. आपलें चित्र ज्या पडद्यावर आधीं झळकलें, तोच पडदा त्यांनीं दुसऱ्याच्या चित्रास दिला. यास औदार्य म्हणा वा व्यापारी दृष्टि.

‘हरिश्चंद्रा’च्या जाहिरातीवरून त्या दिवसांची मौज कळते. सत्त्वपरीक्षेच्या कथेच्या जोडीला मिस आयरीन डेलमार हिचें नृत्य, एक प्रहसन, पायांनीं वस्तु झेलणाऱ्याची करामत व विनोदी चित्रें, असा सगळा फराळ एकाच तिकिटांत. दर मात्र दुप्पट.

धुळ्यास राजवाड्यांनीं जमविलेले कागद व समर्थ वाग्देवता मंदिरांतील रामदासी बाडें शतकें लोटलीं तरी वाचतां येतात. ‘पुंडलीका’ची एकहि फीत उरलेली नाहीं. नायट्रेटची फीत चटकन् पेट घेते, आणि न पेटली तरी कालांतरानें आपोआप कुजते. ‘हरिश्चंद्रा’चीं मूळ रिळें चार, त्यांतील पहिलें व शेवटचें पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत आहेत म्हणतात, पण तींहि 1917 सालीं पुन्हा घेतलेल्या चित्राचीं असावींत, असें कित्येक जाणकारांचें मत आहे.

इमारत गेली, फिती गेल्या. उरलीं तीं वर्तमानपत्रांतील जाहिराती व हस्तपत्रकें. खानदेशांतील जुन्या घरांच्या पेट्यांत त्या काळचें एखादें पत्रक वा तिकीट मोडी कागदांच्या तळाशीं सांपडल्यास संग्राहकांनीं तें रद्दींत टाकूं नये. त्यावरील तारीख तेवढी आधीं उतरून ठेवावी.