वाघाच्या खात्यावर

सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूर तालुक्यात, सोनाजी महाराजांचं सोनाळा. गावाच्या उत्तरेला अंबाबारव्याचं जंगल सुरू होतं. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या अकोट वन्यजीव विभागातलं एक परिक्षेत्र सोनाळ्याच्याच नावानं चालतं. वाघासाठी येणाऱ्या सरकारी पैशाचा माग काढायला हे ठिकाण बरं.

हा पैसा सुरू झाला तो वाघ मारण्यासाठी. इंग्रजी अमलात मेलेल्या वाघाचा पुरावा दाखवला की सरकारातून बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबानं 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत देशात 80 हजारांहून जास्त वाघ मारले गेले. म्हणजे वाघांची पहिली सरकारी मोजणी मेलेल्यांचीच झाली म्हणायची! त्याच सातपुड्यात कोरकू आदिवासी मात्र वाघाला ‘कुला’ म्हणत आणि त्याची पूजा करत.

शिकारीवर बंदी आली 1970 मध्ये. 1972 च्या गणनेत देशात 1,827 वाघ भरले, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि 1 एप्रिल 1973 रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत महाराष्ट्राचा एकच होता, मेळघाट. अंबाबारवा अभयारण्य झालं ते 1997 मध्ये, सुमारे 127 चौरस किलोमीटरचं.

आता पैसा जिवंत वाघाच्या नावानं येऊ लागला, तेव्हा वाघ मोजून दाखवणं आलं. वनरक्षक काच घेऊन पाणवठ्यावर जात, मातीतला पंजा तिच्यावर गिरवून घेत आणि एकेक पंजा म्हणजे एकेक वाघ धरला जाई. आकडा वाढला तर साहेब खूश, घटला तर खुलासा. अशा मोजणीत वाघ कमी होतील कशाला? 2004-05 मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते, रानात एकही उरला नव्हता. पुढे ट्रॅप कॅमेरे आले, पट्ट्यांवरून वाघ ओळखता येऊ लागले. आधीच्या गणनेत महाराष्ट्राचे 238 वाघ होते, 2006 च्या अंदाजात ते 103 झाले. घटलेले हे सगळे वाघ चार-पाच वर्षांत मेले असं मी मानत नाही, त्यातले बरेच काचेवरच जन्मले होते. तिथून पुढची चढण मात्र खरी वाटते: 2010 मध्ये 169, 2014 मध्ये 190, 2018 मध्ये 312 आणि 2022 मध्ये 444.

या चढणीची खरी किंमत पुनर्वसनाच्या खात्यात बघावी. जंगल सोडणाऱ्या कुटुंबाला आधी एक लाख रुपये मिळत. 2008 मध्ये त्याचे दहा लाख झाले, 2021 मध्ये पंधरा. मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावं आधी उठली. पुढे ज्याच्या नावानं अभयारण्य ओळखलं जातं ते अंबाबारवाही उठलं. गावठाणावर गवत वाढलं, चितळ-सांबर आले, त्यांच्या मागं वाघ. वाघाच्या बाजूनं हिशेब बरोबर जुळतो. पण रोख रक्कम आणि वावर यांत फरक आहे. रक्कम एका पिढीत संपते. अकोट तालुक्यातल्या केलपाणी-गुल्लरघाटचे उठवलेले आदिवासी परत मूळ गावी गेले आणि जानेवारी 2019 मध्ये वनखात्याशी त्यांची झटापट झाली, ती उगाच नव्हे.

शेवटी एक उलटा हिशेब. अकोला-खांडवा मीटरगेज मेळघाटातून, वान अभयारण्यातून, धुळघाटच्या वळशानं जाई. ती रुंद करायची तर वाघाच्या घरातून गाड्या धडधडत जाणार. म्हणून 2021 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेला पर्यायी मार्ग घ्यावा असं पत्र लिहिलं. जंगलाबाहेरून जाणारा तो मार्ग अंदाजे 30 किलोमीटरनं लांबतो, म्हणजे खर्च आणखी वाढतो, पण तो हिवरखेड, सोनाळा, जामोद या गावांवरून जातो. वाघामुळे गावं उठल्याचं या भागानं पाहिलं होतं. वाघामुळे गावाला रेल्वे मिळण्याची गोष्ट इथं पहिल्यांदाच निघाली.

तूर्त सोनाळ्याच्या माणसाला गाडी धरायची तर शेगाव नाहीतर अकोट गाठावं लागतं.