पुण्याची भीती आणि खुनांचा दर

‘पूर्वीचं पुणं सुरक्षित होतं’ हे वाक्य पेठांपासून कोथरूडपर्यंत सर्रास ऐकू येतं. त्याच पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ दरम्यान जोशी-अभ्यंकर प्रकरणात दहा जणांचे खून झाले. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या एकाच बंगल्यात पाच जणांचे गळे आवळले गेले आणि दिवेलागणीलाच शहर दारं लावून घेऊ लागलं. देशाचे आकडेही या स्मरणरंजनाला साथ देत नाहीत. भारतात १९९२ मध्ये लाख लोकसंख्येमागे सुमारे साडेचार खून नोंदले गेले, २०२२ मध्ये दोनच्या आसपास.

पोलिसांच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा, हा आक्षेप चोरी-विनयभंगाच्या बाबतीत रास्तच आहे. प्रेत मात्र सहजासहजी दडपता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. कोयत्याचा वार झालेला माणूस आज ससून रुग्णालयात वाचू शकतो, मग खुनाऐवजी ‘खुनाचा प्रयत्न’ नोंदला जातो. हे काही अंशी खरं, पण दर निम्म्याहून खाली आला, त्याचं सगळं श्रेय शल्यविशारदांना देणं जड जातं. शहरापुरती तुलना करताना आणखी एक मेख आहे: ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं, त्यामुळे पुण्याचे आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत.