कर्जाला तारण कोणाचे?

खर्डी स्टेशनात उतरलो की मला १९७३चे एक कर्ज आठवते. जागतिक बँकेच्या सवलतीने कर्ज देणाऱ्या शाखेने त्या वर्षी मुंबईच्या पाणी व मलनिस्सारण प्रकल्पाला साडेपाच कोटी डॉलर मंजूर केले. भातसाचे पाणी मुंबईला नेणे हा त्याचा गाभा. कर्ज केंद्र सरकारला, तिथून पैसा महापालिकेपर्यंत. फेड पाणीपट्टीतून व्हावी, अशी मांडणी. मुंबईत पट्टी भरणारे होते, म्हणून गणित जमले.

भातसा मात्र शहापूर तालुक्यात, खर्डीच्याच शेजारात. इथल्या ग्रामपंचायतीने बँकेपुढे काय ठेवायचे? घरपट्टीची वही? १९९५-९६ पासून नाबार्डचा ग्रामीण पायाभूत विकास निधी आहे. त्याचे कर्जही मुख्यतः राज्य सरकारांनाच मिळते. उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो, हंडे आधीच रांगेत असतात.