गळाच्या काठीवरचा दोरा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. परंतु एखाद्या क्षुल्लक वस्तूचे बोट धरून निघाले तरी माणूस थेट राजकारणाच्या दारात जाऊन पोहोचतो. गळाच्या काठीवर गुंडाळलेला दोरा ही अशीच एक वस्तू आहे.

आपल्याकडचा साधा गळ म्हणजे वेळूची काठी, शेंड्याला बांधलेली दोरी आणि तिच्या टोकाला गरी. विलायतेतील नि अमेरिकेतील हौशी मासेमाराच्या काठीची रचना निराळी. तिच्या मुठीपाशी दोरीचे रीळ असते आणि तेथून निघालेली दोरी काठीवरच्या लहान लहान कड्यांतून शेंड्यापर्यंत जाते. या कड्या भोक पाडून बसवाव्यात, तर काठी नेमकी तेथेच मोडायची. म्हणून कडीचे चपटे पाय काठीवर टेकवून त्यांवरून दोऱ्याचे वेढे द्यायचे, एकाला एक अगदी चिकटून. क्रिकेटच्या बॅटीची मूठ आठवा. गाठ मात्र कोठेच नाही. पहिले टोक वेढ्यांखाली दाबले जाते आणि शेवटचे टोक फासात अडकवून वेढ्यांखालून ओढून घेतात. मग वरून व्हार्निशचे हात.

आता दोरा निवडायचा कोणता? जाड दोरा बळकट खरा, पण तो बसेल तेथे काठी ताठ होते. बारीक दोरा काठीला वाकू देतो, पण ओढणारा हात आडदांड असेल तर तुटतो. म्हणून ओढ्यानाल्यांतल्या नाजूक काठीला ‘ए’ मापाचा बारीक दोरा, तर समुद्रावरच्या दणकट काठीला ‘डी’ मापाचा जाड दोरा, असा अमेरिकन कारागिरांचा रिवाज पडला.

हा दोरा पूर्वी रेशमाचा असे. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिप या बंदुका आणि व्हायोलिन करणाऱ्या कारागिराने बांबूच्या चिंबा तासून, त्या सरसाने जोडून काठ्या केल्या. पुढे १८७० च्या दशकात मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने सहा चिंबांच्या काठ्यांचा जम बसवला. आरंभीचा बांबू आपल्याच देशातला. कलकत्त्याहून जाई म्हणून त्याचे नावच ‘कलकत्ता’ पडले. पण जनावरांच्या हाडाकातड्यांचा सरस ओलीने सुटे. तेव्हा कड्यांच्या मधल्या जागीही ठरावीक अंतरावर रेशमाचे वेढे देत. त्या काळी दोरा नुसत्या कड्या धरून नव्हता, सबंध काठी धरून होता!

रेशमाचा आणखी एक गुण म्हणजे व्हार्निश प्यायले की ते काचेसारखे पारदर्शक होते. पांढरे रेशीम तर दिसेनासेच होते आणि खालचा बांबू उमटून येतो. रंग राखायचा असेल तर व्हार्निशपूर्वी दुसरा एखादा लेप देऊन दोऱ्याची तहान भागवावी लागते.

हा संसार दोन बंद्यांनी मोडला. अमेरिकेचे बहुतेक कच्चे रेशीम जपानकडून येत असे. १९४१ च्या जुलैत, जपानने दक्षिण इंडोचीनमध्ये पाऊल टाकल्यावर, अमेरिकेने जपानी मालमत्ता गोठवली आणि रेशमाची आवक थांबली. उरलेला साठा सरकारने ताब्यात घेतला. तोफांच्या दारूच्या पिशव्यांना रेशीम हवे होते. ते जळून पुरते नाहीसे होते, मागे धुमसती चिंधी ठेवत नाही. जो धागा काठीवर अदृश्य होऊन शोभा आणत होता, तोच आता तोफेच्या पोटात अदृश्य व्हायला निघाला. नायलॉन १९३८ साली जाहीर झाले होते, पण युद्धाने तेही वेठीला धरले. शांतता झाल्यावर मात्र काठीवर त्याचीच सत्ता चालू झाली. ते ताणले जाते, आकसून घट्ट बसते आणि कुजत नाही.

दुसरी बंदी १९५० च्या डिसेंबरातली. तोवर कलकत्त्याच्या बांबूची जागा चीनच्या क्वांगतुंग प्रांतातल्या बांबूने घेतली होती. व्यापारी त्याला ‘टोंकिन’ म्हणत; १९३१ साली मॅक्‌क्ल्यूर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला ‘अमाबिलिस’, म्हणजे प्रेम करण्याजोगा, असे नाव दिले. कोरियाच्या युद्धात अमेरिकेने चीनशी व्यापार तोडला आणि तो १९७१ पर्यंत खुला केला नाही. मधल्या काळात काचतंतूंच्या पोकळ काठ्यांनी बाजार काबीज केला, आणि १९७० च्या दशकात कार्बनतंतू आले. त्यांत चिंबा नाहीत, सरस नाही. मधल्या वेढ्यांना कामच उरले नाही. दोरा पुन्हा कड्यांपुरता राहिला आणि हौसेचे रंग मिरवू लागला.

तरीही हाताने बांबूची काठी घडवणारे कारागीर आज आहेत, आणि त्यांतले पुष्कळजण रेशीमच मागतात. नायलॉनची ताकद ते नाकारीत नाहीत. पण मासा ओढ घेतो तेव्हा काठी मुठीपर्यंत वाकली पाहिजे, आणि बांधलेली कडी जागची हलता कामा नये. इतक्या बारीक दोऱ्याने ही दोन्ही कामे व्हावीत आणि दोरा दिसूही नये, हा त्यांचा हट्ट आहे. दोन युद्धे आणि दोन बंद्या उलटल्या, तरी तो सुटलेला नाही.