बराकीतल्या खाटा

दारातच थांबा. डोळ्यांना आतल्या अंधाराची सवय होऊ द्या. साल 1880, जून महिना, ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा माथा. जाड भिंती, उंच छत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने खाटा. त्यांवर गोरे सोल्जर घामाने निथळत पडलेत. लू सुटलीय. तुमच्याकडे मान वळवून बघायचंही कुणाला त्राण नाही.

आता तटावर या. खाली शहरात जयविलास राजवाडा दिसतो. शहर जयाजीराव शिंद्यांचं, डोक्यावरचा किल्ला मात्र इंग्रजांचा. 1858 च्या जूनमध्ये झाशीची राणी याच शहराबाहेर लढताना पडली आणि पाठोपाठ किल्लाही इंग्रजांनी घेतला, तो सोडलाच नाही. सत्तावनच्या धामधुमीत जयाजीरावांनी इंग्रजांची बाजू धरल्याचं हे बक्षीस! 1886 मध्ये किल्ला परत मिळाला तोही फुकट नाही, बदल्यात तोवर शिंद्यांकडे असलेली झाशी द्यावी लागली. राणीने जी देणार नाही म्हटलं, ती शेवटी अशी सौद्यात गेली. त्याच वर्षी जयाजीराव वारले.

मागे वळा. बराक रिकामी. सोल्जर गेले, आता कबुतरं.

1908. पुन्हा खाटा! पायथ्याशी भरणारी सरदार स्कूल माधवराव महाराजांनी डागडुजी केलेल्या या बराकींत वर आणलीय. शाळा 1897 ची, सरदारांच्या पोरांसाठी काढलेली. एका खाटेवर कुणी मुसमुसतोय. जवळ जाऊ नका, आईची आठवण आलीय त्याला. पलीकडचा त्याला मराठीत समजावतोय, पण ती ग्वाल्हेरची मराठी, हिंदीच्या अंगाने जाणारी. तुम्हाला ऐकताना हसू येईल. हसू नका, दीडशे वर्षं जपलीय त्यांनी.

1933 पाशी फार रेंगाळायला नको. सरदारांची शाळा ‘पब्लिक स्कूल’ झाली, पीअर्स नावाचे इंग्रज प्राचार्य आले, दार इतरांच्या मुलांनाही उघडलं. पब्लिक म्हटलं तरी फी परवडणारेच आले, हे आपलं माझं मत.

हां, आता आजच्या दिवसात या. हाऊसची नावं वाचा: जयाजी, महादजी, दौलत, राणोजी, जयाप्पा. दत्ताजीही आहे धाकट्यांसाठी. पानिपताच्या बखरीतून चालत आल्यासारखं वाटतं ना? आणि मग एक पाटी दिसते, कनेरखेड. थबकलात? साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातलं आपलं कण्हेरखेड, शिंद्यांच्या पाटिलकीचं गाव. उत्तरेकडे येताना वाटेत ‘ण’चा ‘न’ झाला आणि ‘ह’ कुठेतरी सांडला. महादजी इतकी मजल मारूनही स्वतःला पाटील म्हणवत, त्यांना ही पाटी आवडली असती. कुठल्या कुठल्या प्रांतांतली मुलं दिवसातून दहादा त्या खेड्याचं नाव घेतात, आणि साताऱ्यात ते कुणाच्या गावीही नसतं.

घंटा झाली. मुलांच्या मागोमाग पश्चिमेच्या कड्याकडे चला. याला अस्ताचल म्हणतात; मावळतीला सगळी शाळा पायऱ्यांवर येऊन गप्प बसते. तुम्हीही बसा. शेजारचा मुलगा कोपर मारून थोडा सरकेल, जागा देईल. बोलू नका, सूर्य अजून टेकलेला नाही.