फूरी खटला

समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क नाकारणे हा संविधानातील समतेचा भंग आहे, असा दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने १ डिसेंबर २००५ रोजी दिलेला निकाल. यातूनच पुढच्या वर्षी हा देश समलिंगी विवाहाला मान्यता देणारा आफ्रिका खंडातील पहिला देश ठरला.

वर्णभेदी राजवटीनंतरच्या १९९६ च्या संविधानात भेदभावाच्या निषिद्ध कारणांमध्ये वंश आणि लिंगाबरोबर लैंगिक कलाचाही स्पष्ट उल्लेख आहे (कलम ९). पण १९६१ चा विवाह कायदा जुनाच राहिला. लग्न लावणाऱ्या अधिकाऱ्याने कोणता प्रश्न विचारायचा, हे त्याच्या कलम ३०(१) ने शब्दशः ठरवून दिले होते. त्यात ‘कायदेशीर पत्नी (किंवा पती)’ एवढीच सोय होती. लग्न करू पाहणाऱ्या मारी फूरी आणि त्यांच्या जोडीदार या दोन स्त्रियांची अडचण तिथेच झाली. सर्वोच्च अपील न्यायालयाने २००४ मध्ये विवाहाची रूढ व्याख्या रुंदावली, पण कायद्यातला प्रश्न तसाच राहिल्याने लग्न काही लागेना.

संविधान न्यायालयात मुख्य निकालपत्र न्या. अल्बी सॅक्स यांनी लिहिले. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात बॉम्बहल्ल्यात हात गमावलेले हे न्यायाधीश. समलिंगी जोडप्यांसाठी वेगळी व्यवस्था पुरेशी आहे, या ‘वेगळे पण समान’ छापाच्या युक्तिवादाचे खरे रूप त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते. भेदभाव झाला, यावर सर्व न्यायाधीशांचे एकमत होते. मतभेद उरला तो उपायाचा. बहुमताने संसदेला बारा महिने दिले. तेवढ्यात कायदा झाला नाही, तर ‘किंवा जोडीदार’ हे शब्द आपोआप घातले गेले असे समजावे, असेही बजावले. ते आजच घाला, असे न्या. केट ओ’रीगन यांचे म्हणणे होते, आणि हक्काचा भंग एकदा मान्य केल्यावर तेच अधिक सरळ वाटते.

संसदेने ‘सिव्हिल युनियन’ कायदा मोठ्या बहुमताने संमत केला. मुदत संपायच्या आदल्या दिवशी, ३० नोव्हेंबर २००६ रोजी, तो लागू झाला. १९६१ चा कायदा मात्र भिन्नलिंगी जोडप्यांसाठी वेगळा राहिलाच. शिवाय सदसद्विवेकाच्या कारणावरून समलिंगी जोडप्याचे लग्न लावायला नकार देण्याची मुभा सरकारी अधिकाऱ्यांना मिळाली. ती २०२० मध्ये रद्द झाली.

भारतात समलिंगी विवाहाबाबतच्या सुप्रियो खटल्यात (१७ ऑक्टोबर २०२३) १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात असे शब्द घातले गेले असे समजण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी नकार दिला. पुनर्विलोकन याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळण्यात आल्या.