कारध्याचा प्रेक्षक

भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडली की पलीकडच्या काठावर कारधा हे गाव लागते. नागपूर-रायपूर रस्त्याच्या प्रवाशास ते पुलामुळे ठाऊक असते आणि पावसाळ्यात वृत्तपत्रे वाचणारास तेथील पाणीपातळीच्या आकड्यामुळे. या गावी गेल्या हिवाळ्यात माझ्या एका विद्यार्थ्याने स्वतः तयार केलेला बारा मिनिटांचा लघुपट गावकऱ्यांस दाखविला. विषय होता ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेला महापूर. खेळ संपल्यावर अभिप्राय मागण्यात आले. आणि ते इतक्या मोकळेपणाने मिळाले की बिचाऱ्यास रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, “सर, यांतले ऐकायचे किती आणि सोडायचे किती?” प्रश्न साधा आहे, परंतु आपल्या चित्रपटकलेच्या जन्मापासून तो तिच्या पाठीशी उभा आहे. म्हणून थोडे मागे जाणे बरे.

धुंडिराज गोविंद फाळके यांस आपण आद्य चित्रपटकार म्हणून वंदन करतो. पण १९१२ साली चाळिशी उलटलेले हे गृहस्थ विद्यार्थीच होते. विलायतेस जाऊन त्यांनी हेपवर्थ यांच्याकडे या धंद्याची माहिती करून घेतली व परत येऊन पहिला उद्योग केला तो वाटाण्याच्या अंकुराचा. कुंडीतील रोप दिवसांमागून दिवस थोडे थोडे टिपून त्यांनी त्याची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखविली. हा लघुपट मोजक्या मंडळींस दाखविण्यात आला, कारण पुढील चित्रपटास भांडवल हवे होते. म्हणजे आपल्या चित्रपटाचा पहिला प्रेक्षक पैसा पुरविणारा होता! त्याचा अभिप्राय अनुकूल पडला. तरीही सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडावयाचे ते पडलेच.

पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांस दाखविला गेला व ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये सर्वांस खुला झाला. मुंबईने तो डोक्यावर घेतला. सुरतेस मात्र निराळाच अनुभव आला, अशी हकीकत सांगतात. तेथील लोकांचे म्हणणे असे की, दोन आण्यांत सहा तास नाटक मिळत असता तीन आण्यांत दीड तासाचा खेळ कोण पाहणार? फाळक्यांनी चित्रपट लांबविला नाही व दरही उतरविला नाही. त्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे अवघ्या तीन आण्यांत! गर्दी लोटली. प्रेक्षकाची तक्रार त्यांनी ऐकली. परंतु ती कलाकृतीविषयी नसून अपेक्षेविषयी आहे हे ओळखून उत्तरही तेथेच दिले.

कारध्यास पहिली तक्रार नेमकी हीच निघाली. हा मुलूख झाडीपट्टीचा. दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात आणि नाटक रात्रभर चालते. असल्या प्रेक्षकास बारा मिनिटांत पडदा कोरा झालेला पाहून फसल्यासारखे वाटले तर नवल नाही. “एखादे गाणे तरी टाकावयाचे होते,” असेही कोणी म्हणाले. याला उपाय म्हणजे खेळापूर्वी चार शब्द बोलणे; गाणे टाकणे नव्हे.

दुसरा अभिप्राय अधिक अवघड होता. मदतीचे धान्य घेण्यासाठी लागलेली रांग लघुपटात आहे. गावातील एका वजनदार गृहस्थांनी ती काढून टाकण्यास सांगितले. त्यामुळे गावाची अब्रू जाते, असे त्यांचे मत. येथे मला ‘प्रभात’च्या १९३५ च्या चित्रपटाची आठवण झाली. एकनाथांवरील त्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरमुळे ‘धर्मात्मा’ करावे लागले. तो हुकूम होता, अभिप्राय नव्हे. हुकमापुढे वाकावे लागले तरी त्यास रसिकतेचा मान देण्याचे कारण नाही. उलट प्रेक्षकास न रुचणारे दाखविणे हे कधी कधी चित्रकर्त्याचे कर्तव्यच ठरते. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा विद्यार्थिदशेतील लघुपट. त्यास पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्याच २०१३ च्या ‘फँड्री’त शेवटी मुलाने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तेथे अभिप्राय चित्रपटच प्रेक्षकास देतो! माझ्या विद्यार्थ्याने रांग तशीच ठेवली, आणि मी त्यास रुकार दिला.

येथवर माझे पांडित्य सुरळीत चालले होते. परंतु एक अभिप्राय उरला. मागे बसलेली ढिवर समाजाची एक म्हातारी खेळ संपल्यावर त्या मुलास एवढेच म्हणाली होती, “पाणी आवाज करत नाही आलं, बापू. खाटेचे पाय भिजले, तवा आमाले कळलं.”

लघुपटात पुराचा लोंढा मोठ्याने गर्जत येतो. ती गर्जना कोठून तरी उसनी आणून जोडलेली होती. आणि हे सांगावयास मला संकोच वाटतो की, ती जोडण्याची सूचना माझीच होती. माझे वास्तव्य दूर, उंचावर. तो पूर मी वर्तमानपत्रातील मीटरांच्या आकड्यांत पाहिला. पूर म्हणजे गर्जना, हे मी पुस्तकांतून शिकलो होतो. विद्यार्थ्याने सगळे अभिप्राय मला वाचून दाखविले, त्यांत हा शेवटी ठेवला होता. गुरूस दुखवू नये म्हणून तो बिचारा एवढा वेळ गाण्याची व रांगेची चर्चा ऐकत बसला होता.

तेव्हा त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला असे सुचते. आवडीनिवडीचे बोल ऐकून घ्यावेत. अब्रूच्या नावाने दिलेले हुकूम तपासून पाहावेत. परंतु ज्याने ती गोष्ट सोसली त्याची साक्ष मात्र निमूटपणे मानावी, मग ती प्राध्यापकाच्या मताविरुद्ध का जाईना. फाळके सुरतेस बरोबर ठरले, कारण हरिश्चंद्राची कथा ते सुरतकरांहून कमी जाणत नव्हते. कारध्याचा पूर आम्ही दोघेही त्या म्हातारीहून कमी जाणत होतो.

त्याने ती गर्जना काढून टाकली. आता तेथे निजलेले घर दिसते, दूर कोठे कुत्रे भुंकते, आणि खाटेखाली पाणी हलते. लघुपट पुन्हा कारध्यास दाखवावयाचा आहे. या वेळी मीही जाणार आहे, आणि मागच्या रांगेत बसणार आहे.